निवडुंग आजारी दिसतोय? पाण्याआधी मुळं बघा

कुंडीतला निवडुंग सुकल्यासारखा, पिवळा किंवा कललेला दिसला की बहुतेक घरांत पहिलं काम होतं ते त्याला पाणी घालण्याचं. ते थांबवा. घरातले निवडुंग तहानेनं क्वचित मरतात, मरतात ते मुळं कुजून. आणि घोटाळा असा की मुळं कुजलेला निवडुंग वरून तहानलेल्यासारखाच दिसतो. मुळंच उरली नसतील तर कुंडीतलं पाणी खोडापर्यंत पोचणार कसं? त्यातून खोडात पाण्याचा साठा असतो, त्यामुळे मुळं गेली तरी तो काही आठवडे हिरवागार राहू शकतो. आपल्याला लक्षण दिसतं तोवर मातीखाली बरंच काही होऊन गेलेलं असतं. म्हणून निदान आणि उपचार दोन्ही खालून वर करायचे. ज्यांनी आयुष्यात कधी निवडुंग कुंडीतून उपटून पाहिलेला नाही, त्यांना हे जमावं म्हणून पायरीपायरीनं लिहितो आहे.

पहिली पायरी : तुमच्याकडे नक्की काय आहे?

नर्सरीत ‘कॅक्टस’ म्हणून जे मिळतं ते सगळं एका स्वभावाचं नसतं. गोल किंवा खांबासारखे काटेरी प्रकार, म्हणजे मॅमिलॅरिया, जिम्नोकॅलिशियम, गोल्डन बॅरल, सिरियस, चपट्या कानांचा ‘बनी इअर’, हे मूळचे अमेरिका खंडातल्या कोरड्या प्रदेशांतले. यांना भरपूर उजेड लागतो आणि दोन पाण्यांच्या मध्ये माती पूर्ण कोरडी व्हावी लागते. हा लेख मुख्यतः यांच्यासाठी आहे.

आपल्या गॅलरीत पावसाळ्यात रात्री उमलणारं पांढरं ब्रह्मकमळ हाही निवडुंगच, पण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढणारा. ख्रिसमस कॅक्टस तसाच, ब्राझीलच्या जंगलातला. या दोघांना कडक ऊन सोसत नाही आणि माती आठवडेच्या आठवडे कोरडी राहिलेलीही चालत नाही. ते फिकट, पिवळट पडले की आधी दुपारचं ऊन तोडा आणि आठवडाभर वाट पाहा.

तिसरा प्रकार युफोर्बियाचा. गावाकडे कुंपणाला लावतात तो त्रिधारी निवडुंग याच कुळातला. खऱ्या निवडुंगाचे काटे लवेच्या छोट्या ठिपक्यातून झुबक्यानं निघतात, युफोर्बियाला तो ठिपका नसतो, आणि खरवडलं की पांढरा चीक येतो. हा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. त्यामुळे कापाकापी करताना हातमोजे आणि चष्मा हवाच. बाकी उपचार बराचसा सारखाच, फक्त कापलेला भाग चीक थांबेपर्यंत पाण्यानं धुऊन घ्यायचा.

हिरव्या दांड्यावर लाल किंवा पिवळा गोळा असलेला ‘मून कॅक्टस’ म्हणजे दोन झाडांचं कलम. खालचा दांडा ड्रॅगन फ्रूटच्या जातीचा असतो. वरच्या रंगीत गोळ्यात हरितद्रव्य नसल्यामुळे तो स्वतःचं अन्न बनवू शकत नाही, दांड्यावरच जगतो. दांडा कुजला की गोळा नुसता मातीत लावून वाचत नाही, त्याला दुसऱ्या दांड्यावर कलम करावं लागतं. कलम उत्तम सांभाळलं तरी ते काही वर्षंच टिकतं. ते गेलं म्हणून नवशिक्यानं स्वतःला दोष देऊ नये.

आणखी एक बघा : फूल खरं आहे का? काही विक्रेते वाळवलेली कागदी पाकळ्यांची फुलं गरम गोंदानं निवडुंगाच्या डोक्यावर चिकटवतात. महिनोन्‌महिने जसंच्या तसं राहणारं फूल असेल तर ते चिकटवलेलंच. शेंड्याची वाढ त्याखाली अडते. गोंद थंड आणि कडक झालेला असतो, तो चिमट्यानं हळूच उचकटा. थोडी साल निघाली तरी चालेल, जागा कोरडी ठेवली की भरून येते. कुंडीवर चिकटवलेल्या खड्यांचा थरही असाच फोडून काढा, कारण त्याखालची माती ओली आहे की कोरडी हे तुम्हाला कधीच कळत नाही.

दुसरी पायरी : बिघाड कुठे आहे?

निवडुंग उजेडात आणा आणि चारी बाजूंनी बघा. लक्षण कोणतं यापेक्षा ते कुठे आहे, यावरून जास्त कळतं.

बुंध्याशी, मातीला लागून. पेन्सिलीच्या मागच्या टोकानं दाबा. तपकिरी आहे पण लाकडासारखं टणक लागतंय, तर ते वयानं आलेलं खोडाचं बूच आहे, आजार नव्हे. खूप जण याच बुचाला घाबरून झाड टाकून देतात. तपकिरी किंवा काळं आहे, दाबलं की आत जातंय, ओलसर आहे, कुजका वास येतोय, तर ती कूज. त्याच दिवशी हात घाला.

एकाच बाजूला. खिडकीकडच्या किंवा पश्चिमेच्या बाजूला पांढरट-पिवळा डाग पडून नंतर तो खाकी आणि खरखरीत झाला, तर ते ऊन लागणं. डाग जात नाही, पण पसरतही नाही. जागा बदला, दुसरं काही करू नका.

शेंड्याला. नवीन वाढ बारीक, फिकट आणि टोकदार होत चालली, गोल निवडुंग डोक्याकडे निमुळता झाला, तर उजेड कमी पडतोय. शेंड्यापासून खाली गंजासारखा बारीक तपकिरी खरखरीतपणा उतरत असेल, तर लाल कोळी नावाची बारीक कीड (पाचवी पायरी बघा).

सगळीकडे. अख्खं झाड सुरकुतलंय, बरगड्या आत गेल्यात. इथे दोनच शक्यता : पाणी नाही, किंवा मुळं नाहीत. माती बरेच दिवस खडखडीत कोरडी असेल तर एकदा भरपूर पाणी घालून आठवडाभर बघा. तहानलेला निवडुंग तेवढ्यात फुगून टणक होतो. तसा झाला नाही, किंवा माती आधीपासून ओलीच होती, तर सरळ तिसऱ्या पायरीवर या.

उन्हात किंवा थंडीत अंगावर येणारी लालसर-जांभळी झाक, हिवाळ्यात वाढ थांबणं, लांब कोरड्या काळानंतर एकदम पाणी मिळाल्यानं सालीला पडलेली उभी चीर, या तिन्हींसाठी उपचार लागत नाही. चीर पडली तर ती सुकेपर्यंत पाणी तेवढं बंद ठेवा.

तिसरी पायरी : कुंडीतून काढा

याची भीती घालवा. वर्तमानपत्राच्या तीनचार घड्यांची पट्टी करून निवडुंगाला कंबरपट्ट्यासारखी गुंडाळा आणि तिच्या टोकांना धरून उचला. बनी इअरला मात्र उघड्या हातानं मुळीच हात लावू नका. त्याचे पिवळे ठिपके म्हणजे शेकडो केसांएवढे बारीक काटे असतात. ते नुसत्या स्पर्शानं कातडीत शिरतात आणि दिवसभर टोचत राहतात. शिरलेच तर चिकटपट्टी लावून ओढून काढा. लहान मुलं असलेल्या घरात ही जात ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कुंडीच्या कडा हलक्या हातानं ठोका, मातीचा गोळा बाहेर घ्या आणि बोटांनी मोकळा करा. निरोगी मुळं पांढरट किंवा फिकट तपकिरी असतात आणि ओढली तर ताण धरतात. कुजलेलं मूळ काळपट असतं. ओढलं की वरचं साल सुटून हातात येतं आणि आत दोऱ्यासारखी शीर उरते. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या भिंतीवर पांढरी पूड किंवा कापसासारखे पुंजके दिसले, तर तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण (मिलीबग). वरून काहीच दिसत नसताना झाड वर्षभर वाढतच नसेल, तर अनेकदा हाच सापडतो.

गोळ्याच्या मधोमध बघायला विसरू नका. बरीच रोपं कोकोपीट किंवा पीटच्या छोट्या गट्ट्यात वाढवलेली असतात आणि विकताना त्या गट्ट्यासकट नव्या कुंडीत बसवतात. बाहेरची माती सुकते, आतला गट्टू ओलाच राहतो आणि कूज तिथून सुरू होते. तो गट्टू पूर्ण सोडवून टाका. कोरडा असेल तर दगडासारखा घट्ट होतो, कोमट पाण्यात भिजवून सोडवावा लागतो. बंगालच्या उत्तरेतलं कालिम्पाँग निवडुंगाच्या रोपवाटिकांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्यासारख्या थंड डोंगरी हवेत वाढलेलं रोप मुंबईच्या दमट हवेत आलं की हा ओला गट्टू त्याला आणखीच महागात पडतो. नवीन रोप आणलं की पंधरा दिवसांत त्याची माती बदलावी.

फक्त मुळंच खराब असतील आणि बुंधा टणक असेल, तर खराब मुळं स्पिरिटनं पुसलेल्या कात्रीनं कापा, झाड सावलीत वर्तमानपत्रावर आडवं ठेवा आणि चार ते सात दिवस सुकू द्या. मग कोरड्या मिश्रणात लावा. पहिलं पाणी आणखी आठवड्यानं.

चौथी पायरी : बुंधा कुजला असेल तर कापा

इथे अर्धवट दया केली की झाड हमखास जातं. औषध फवारून कुजलेला गर बरा होत नाही. वरचा निरोगी भाग कापून त्याला नवी मुळं फोडायची, एवढाच मार्ग आहे.

पातळ पात्याची धारदार सुरी घ्या, मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट आणि कापूस जवळ ठेवा. कुजलेल्या भागाच्या जरा वर आडवा काप द्या आणि कापलेल्या तोंडाकडे नीट बघा. गर पांढरट-हिरवा आणि रसरशीत हवा. मधोमध एक फिकट गोल कडं दिसेल, झाडाच्या पाणी वाहणाऱ्या शिरांचं. सगळी मेख त्या कड्यात आहे. त्याच्यावर नारिंगी किंवा तपकिरी टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका जरी असला, तरी रोग वर चढलेला आहे, बाकीचा गर कितीही स्वच्छ दिसो. सुरी स्पिरिटनं पुसा, आणखी एक पातळ चकती काढा, परत बघा. ठिपका दिसेनासा होईपर्यंत हेच. प्रत्येक कापाआधी सुरी पुसायची, नाहीतर तुम्हीच रोग वर नेत असता. स्वच्छ तोंड मिळालं की खबरदारी म्हणून एक चकती अजून काढा.

मग खालची कडेची साल सगळीकडून तिरकी तासा, पेन्सिलीला टोक करतो तशी. नवी मुळं मधल्या कड्यातून फुटतात. सुकताना गर आत ओढला जातो आणि साल तशीच राहिली तर मुळं मातीला टेकत नाहीत. तोंडावर गंधकाची पूड भुरभुरा.

आता वाट पाहायची. लहान मॅमिलॅरियाला आठवडा, मनगटाएवढ्या जाड सिरियसला तीन आठवडे किंवा जास्त. तोंड कोरडं, कडक, चामड्यासारखं झालं पाहिजे. कोकणात किंवा मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हे काम करावं लागलं तर झाड पंख्याखाली ठेवा, एरवी त्या हवेत काप सुकण्याऐवजी बुरशीच धरतो. निवांत वेळ निवडता येत असेल तर फेब्रुवारी-मार्च किंवा ऑक्टोबर बरा.

सुकलेला तुकडा कोरड्या मिश्रणावर नुसता टेकवा, पुरू नका. हलत असेल तर आजूबाजूला खडे लावा. दोन-तीन आठवड्यांनी हळूच उचलून पाहा. मुळांचे पांढरे कोंब दिसले की थोडं पाणी. त्याआधी एक थेंबही नाही. या काळात तो जरा सुरकुतेल. सुरकुतू दे, पाण्याच्या ओढीनंच तो मुळं फोडतो.

कूज शेंड्याकडून सुरू झाली असेल तर उलटं करा. वरून खाली कापत जा आणि शेवटचा काप तिरका ठेवा, म्हणजे पाणी साचणार नाही. खाली उरलेल्या बुडख्याच्या काट्यांच्या ठिपक्यांतून पिल्लं फुटतात.

पाचवी पायरी : किडे

पिठ्या ढेकूण सगळ्यांत जास्त छळतो. काट्यांच्या बुडाशी, शेंड्याच्या लवेत, दोन बरगड्यांच्या खाचेत पांढरा कापूस दिसतो आणि मॅमिलॅरियाच्या पांढऱ्या लवेत तो बेमालूम लपतो. ओळखायची खूण म्हणजे मुंग्या. कुंडीवर मुंग्यांची रांग लागली की भिंग घेऊन शोधा, कारण या किड्याचा गोड चिकट पाझर त्यांना हवा असतो. कान साफ करायची कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून प्रत्येक पुंजक्याला टेकवा, सावलीत आणि संध्याकाळी. अंडी वाचतात, म्हणून दर आठवड्याला असं चारदा करा. मध्येच सोडलंत तर महिन्याभरात तो परत तेवढाच होतो. मुळांवर असेल तर माती पूर्ण धुऊन टाका, मुळं सुकवा, कुंडी बदला.

जास्त झाडं असतील तर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि तेल मिसळण्यापुरते साबणाच्या द्रावणाचे थेंब घालून फवारा. तेल अंगावर असताना ऊन लागलं तर झाड भाजतं, तेव्हा दोन-तीन दिवस सावली हवी. निळसर मेणाचा थर असलेल्या सिरियसवर तेल मारू नका, थर कायमचा जातो.

फड्या निवडुंगाच्या जातींवर दिसणारा कापूस काडीनं चिरडला आणि गडद किरमिजी रंग निघाला, तर तो कोचिनिअल किडा. 1795 मध्ये रंग मिळवण्यासाठी ब्राझीलहून भारतात तो आणला गेला, पण आली ती चुकीची जात. रंग काही धड मिळाला नाही, त्या किड्यानं इथल्या एका जातीच्या फड्या निवडुंगाचा मात्र मोठ्या प्रमाणावर फडशा पाडला. एवढ्या ताकदीचा किडा कुंडीत दिसला तर जुन्या टूथब्रशनं घासून काढा आणि ते झाड बाकीच्यांपासून लगेच दूर ठेवा.

लाल कोळी मार्च ते मे या कोरड्या उकाड्यात येतो. झाडाखाली पांढरा कागद धरून ब्रश फिरवा. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालायला लागले की खात्री. भल्या सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा. नाही हटला तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम, पण पारा 32 अंशांच्या वर असताना नाही आणि तेलाच्या फवारणीपासून किमान पंधरा दिवस सोडून. गंजासारखा डाग राहणार आहे, त्यावरची नवी वाढ स्वच्छ आली म्हणजे उपचार लागू पडला. खवले कीड, म्हणजे सालीला खवल्यांसारखी चिकटून बसणारी कीड, टूथब्रशनं खरवडली की निघते.

मातीवर आणि बुंध्याशी पांढरा खरखरीत थर दिसला तर बुरशी समजून औषध मारू नका. बोअरवेल किंवा टँकरच्या जड पाण्यातले क्षार असतात ते. वरचा थर काढून टाका आणि जमेल तेव्हा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा.

सहावी पायरी : परत लावताना

कुंडी मातीची, बुडाला भोक असलेली, निवडुंगापेक्षा सगळीकडून बोटभर रुंद, त्याहून मोठी नको. सुंदर पण बिनभोकाच्या चिनी मातीच्या वाटीत लावायचा मोह टाळा. मिश्रणात निम्म्याहून जास्त भाग जाड आणि पाणी न धरणारा हवा : धुतलेली जाड वाळू, चण्याएवढे विटांचे तुकडे, बारीक खडी, परवडत असेल तर परलाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके दाणे). उरलेल्यात पोयटा आणि थोडं पूर्ण कुजलेलं खत. देशावरची काळी माती यात नकोच, ती पाणी धरून बसते आणि सुकली की भेगाळून मुळं तोडते. मिश्रण बरोबर आहे का ते पाहायचं तर कुंडीत पाणी ओता. ते वर साचून न राहता क्षणात खाली उतरलं पाहिजे.

पाण्याचं वेळापत्रक विचारतात तेव्हा मी अगरबत्तीची जळून उरलेली काडी दाखवतो. ती कुंडीत तळापर्यंत खुपसा आणि दहा मिनिटांनी काढा. काडी कोरडी आणि स्वच्छ आली तरच पाणी, आणि घालाल तेव्हा खालून निथळेपर्यंत. अंदाजासाठी सांगायचं तर उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात दहा-बारा, हिवाळ्यात तीन आठवड्यांनी. पावसाळ्यात कुंड्या छपराखाली घ्या आणि निवडुंग सुरकुतायला लागला तरच पाणी घाला. विदर्भात मे महिन्यात रात्रीही गारवा नसतो, तेव्हा बऱ्याच जाती वाढ थांबवतात. त्या दिवसांत पाणी कमी करा, वाढवू नका.

उजेड हळूहळू वाढवा. घरात वाढलेला निवडुंग एका दिवसात गच्चीवर नेला तर त्याच दुपारी भाजतो. आठवडाभर सकाळचं ऊन, मग जास्त, आणि एप्रिल-मेमध्ये 50 टक्क्यांची शेडनेट. ऑफिसच्या टेबलावर किंवा संगणकाशेजारी तो किरणं शोषून घेतो या समजुतीला काही आधार नाही. तिथे तो फक्त लांबट आणि दुबळा होतो. लांबट झालेला भाग पुन्हा जाड होत नाही. हवा असेल तर वरचा चांगला शेंडा कापून चौथ्या पायरीप्रमाणे नव्यानं लावा.

खत आजारी झाडाला कधीच देऊ नका. नवी वाढ दिसल्यावर नत्र कमी असलेलं द्रवखत, पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या पाव भागानं, महिन्यातून एकदा पुरे.

सगळं करूनही कड्यातला तपकिरी ठिपका शेंड्यापर्यंत गेलेला सापडला, तर झाडाभोवतीची पिल्लं तपासा. मॅमिलॅरिया आणि जिम्नोकॅलिशियमला ती बहुधा असतात. पिल्लू पिळून सोडवा. त्याचं तोंड स्वच्छ असेल तर तेच सुकवून लावा. मेलेलं झाड आणि त्याची माती पिशवीत बांधून कचऱ्यात द्या, घरच्या कंपोस्टमध्ये किंवा दुसऱ्या कुंडीत नको. रिकामी कुंडी ब्रशनं घासून, उकळतं पाणी ओतून, दोन दिवस कडक उन्हात पालथी ठेवली की पुढच्या रोपाला वापरता येते.